विश्लेषण : व्हिसाचा अर्ज मागे घेतला तर पैसे परत मिळतात का?

सहल रद्द झाली की विमानाचे आणि हॉटेलचे पैसे मागायला माणूस लगेच फोन उचलतो. व्हिसासाठी भरलेल्या पैशांची आठवण नंतर होते आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. घरातले आजारपण, नाकारलेली रजा, मुलांच्या परीक्षेची बदललेली तारीख, एखाद्या देशाशी अचानक बिघडलेले संबंध, कारण काहीही असू शकते. पण पैसे परत मिळणार की नाही, हे त्या कारणावर क्वचितच ठरते. तुमचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे आणि पैसे नेमके कोणाकडे गेले आहेत, यावर ते ठरते.

तुर्कीच्या वेळी काय घडले?

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी तुर्की आणि अझरबैजान पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले आणि भारतीय पर्यटकांनी या दोन्ही देशांकडे पाठ फिरवली. मेकमायट्रिप या कंपनीने १४ मे रोजी सांगितले, की आठवडाभरात या देशांची बुकिंग ६० टक्क्यांनी घटली आणि बुकिंग रद्द करण्याचे प्रमाण २५० टक्क्यांनी वाढले. दुसऱ्याच दिवशी सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी केंद्राने काढून घेतली. मुंबई विमानतळावर, म्हणजे सांताक्रूझकरांच्या अगदी दाराशी, प्रवाशांचे सामान आणि विमानांची जमिनीवरची कामे हीच कंपनी पाहत होती.

त्या धामधुमीत एक मुद्दा मागे पडला. सरकारने तुर्कीला जाण्यावर बंदी घातलेली नव्हती. इस्तंबूलची विमाने सुरूच होती. म्हणजे कागदोपत्री प्रवाशाने आपल्या मर्जीने प्रवास सोडला होता. हॉटेल आणि तिकिटाच्या बाबतीत कंपनीशी बोलता येते, थोडीफार सवलत पदरात पाडून घेता येते. व्हिसाचे शुल्क मात्र दुसऱ्या देशाच्या सरकारला दिलेले असते. आपली भावना कितीही रास्त असली, तरी ते सरकार तिच्यासाठी नियम बदलत नाही.

एका रकमेत किती जणांचे पैसे असतात?

इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. एजंट ‘व्हिसाचे इतके झाले’ असे सांगून एकच आकडा देतो. त्या आकड्यात किमान तीन वाटेकरी असतात: दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाचे व्हिसा शुल्क, अर्ज गोळा करणाऱ्या केंद्राचे सेवा शुल्क आणि एजंटची फी. कुरिअर, एसएमएस, फोटो, प्रीमियम लाउंज अशा किरकोळ गोष्टी त्यावर आणखी चढतात.

दूतावास आणि अर्जदार यांच्यामध्ये खासगी केंद्र आणण्याची पद्धत मुंबईतच रुजली, हे अनेकांना ठाऊक नसते. झुबिन करकारिया यांनी २००१ मध्ये व्हीएफएस ग्लोबलची सुरुवात याच शहरात केली आणि अमेरिकेचे काम हे तिचे पहिले काम होते. तेव्हा अमेरिकेचा वाणिज्य दूतावास ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये होता आणि व्हिसासाठी भल्या पहाटेपासून लागणाऱ्या रांगा हा मुंबईकरांच्या कौतुकाचा आणि वैतागाचा विषय होता. पुढे २०११ मध्ये तो दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आला, बाकी देशांची अर्ज केंद्रेही तिथे वाढत गेली. आज सांताक्रूझहून मेट्रो-३ ने काही मिनिटांत तिथे पोहोचता येते. जाणे सोपे झाले, पण पैसे दोन ठिकाणी विभागले गेले. केंद्राचे काम अर्ज घेणे, बोटांचे ठसे घेणे आणि फाइल पुढे पाठवणे एवढेच. व्हिसा द्यायचा की नाही आणि शुल्क परत करायचे की नाही, यातले काहीही केंद्राच्या हातात नसते. त्यामुळे काउंटरवरच्या मुलीशी वाद घालून उपयोग नसतो; तिला तो अधिकारच नाही.

युरोपच्या शेंगेन व्हिसाचे नियम काय?

मुंबईकरांची उन्हाळी सहल बहुधा इथेच अडकते. ११ जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी असे तिघे जाणार असतील, तर केवळ दूतावासाचे २२५ युरो होतात. म्हणजे वीस हजार रुपयांहून अधिक. केंद्राचे सेवा शुल्क वेगळे. ते सर्वसाधारणपणे व्हिसा शुल्काच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नये, अशी युरोपीय नियमांची मर्यादा आहे.

हे पैसे परत कधी मिळतात? युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेने दोनच प्रसंग सांगितले आहेत. तुम्ही ज्या देशाकडे अर्ज केला, तो अर्ज तपासण्याचा अधिकारच त्या देशाला नसेल (उदाहरणार्थ, बहुतेक मुक्काम इटलीत आणि अर्ज मात्र दुसरीकडे), तर फाइल आणि शुल्क दोन्ही परत येतात. किंवा अर्ज मुळातच दाखल करून घेण्याजोगा नसेल, म्हणजे फॉर्म, पासपोर्ट, फोटो, ठसे यांपैकी काही आवश्यक गोष्ट नसेल, तरी शुल्क परत मिळते. गंमत अशी, की चुकीच्या दारावर गेलेल्याचे पैसे परत येतात. सगळे कागद नीट लावून अर्ज केलेल्याने तो मागे घेतला तर येत नाहीत. घरी कोणी अतिदक्षता विभागात असले तरी नाहीत. अर्ज नाकारला गेला तरीही नाहीत. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यांतले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. त्या सगळ्यांचे शुल्क गेले ते गेलेच.

म्हणून खरा निर्णय केंद्रावर अर्ज देण्याआधी घ्यायचा असतो. बहुतेक शेंगेन देशांसाठी व्हिसा शुल्क अर्ज दाखल करतानाच घेतले जाते. त्याआधी अपॉइंटमेंट रद्द केली तर फार तर आगाऊ भरलेले सेवा शुल्क जाते. ते परत मिळते का, किती दिवस आधी रद्द करावे लागते, हे देशागणिक बदलते. अपॉइंटमेंटच्या ईमेलमध्येच ती अट लिहिलेली असते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. त्यामुळे जाणे पक्के नसेल तर पहिल्या मोकळ्या तारखेला झडप घालण्यापेक्षा चार आठवडे थांबणे स्वस्त पडते. अर्थात एप्रिल-मेच्या तारखा मिळणे किती कठीण असते, हे ज्याने प्रयत्न केला त्यालाच माहीत.

एक गोष्ट वाया जात नाही. शेंगेनसाठी दिलेले बोटांचे ठसे ५९ महिने जपून ठेवले जातात. पुढच्या वेळी त्या मुदतीत अर्ज केला तर ते सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

ब्रिटन आणि कॅनडाकडून परतावा मिळतो का?

मिळू शकतो. या दोन्ही देशांनी एक खिडकी उघडी ठेवली आहे. ब्रिटनचे पर्यटक व्हिसा शुल्क ऑनलाइन, अगदी सुरुवातीलाच भरावे लागते. सहा महिन्यांच्या व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये ११५ पौंडांवरून १२७ पौंड झाले. केंद्रावर जाऊन ठसे आणि फोटो देण्यापूर्वी अर्ज रद्द केला, तर हे शुल्क सहसा परत मिळते. ठसे दिले की अर्जावर काम सुरू झाले असे धरले जाते आणि खिडकी बंद होते. सोमवारी बीकेसीला जायचे असेल आणि रविवारी रात्री बेत फिसकटला, तर त्याच रात्री ऑनलाइन रद्द करा. ‘जाऊन तर येऊ, पुढचे पुढे बघू’ हा विचार इथे बारा-चौदा हजारांना पडतो.

कॅनडाचा नियमही साधारण याच वळणाचा आहे. प्रक्रिया सुरू होण्याआधी अर्ज मागे घेतला तर १०० कॅनेडियन डॉलरचे प्रक्रिया शुल्क परत मिळते, ठसे दिले नसतील तर त्यांचे ८५ डॉलरही. मात्र अर्ज मागे घेत असल्याचे लेखी कळवावे लागते. नुसते ठसे द्यायला न जाणे म्हणजे अर्ज मागे घेणे नव्हे.

परतावा मूळ चलनात, ज्या कार्डावरून पैसे भरले त्याच कार्डावर येतो. एजंटने स्वतःच्या कार्डावरून भरले असतील तर पैसे त्याच्याकडे जातात आणि तुमच्याकडे कधी येतील, हे त्याच्या मनावर. शक्य असेल तिथे शुल्क स्वतःच्या कार्डावरून भरावे, ते याचसाठी. रुपयाचा दर बदललेला असतो आणि बँकेने कापलेला परकीय चलनाचा मार्कअप बहुधा परत येत नाही, म्हणून हाती पडणारी रक्कम थोडी कमी दिसली तर दचकू नका.

ऑस्ट्रेलियाचे शुल्क मोजके अपवाद सोडले तर परत मिळत नाही. सिंगापूरचे ३० सिंगापूर डॉलरही नाही.

अमेरिकेचे गणित वेगळे कसे?

पर्यटक व्हिसाचे १८५ डॉलर शुल्क परत मिळत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. पण ते लगेच बुडतही नाही. भरल्यापासून ३६५ दिवसांच्या आत मुलाखतीची तारीख घेण्यासाठी ते वापरता येते. म्हणून अमेरिकेच्या बाबतीत रद्द करण्यापेक्षा तारीख पुढे ढकलणे शहाणपणाचे. तीही जपून. १ जानेवारी २०२५ पासून भारतात एकदाच विनाशुल्क तारीख बदलता येते. पुन्हा बदलायची किंवा मुलाखतीला गेलाच नाहीत, तर नव्याने १८५ डॉलर भरावे लागतात.

करोनाच्या काळात दूतावास बंद राहिल्यावर अमेरिकेने पैसे परत केले नाहीत, मुदत वाढवली. १ ऑक्टोबर २०२२ पूर्वी भरलेले शुल्क ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत ग्राह्य धरले गेले. सरकारे शुल्क परत करण्यापेक्षा मुदत वाढवून देणे पसंत करतात, हे त्यातून दिसले.

तारखा मिळवून देणाऱ्या एजंटांबाबतही सावध राहायला हवे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासाने संगणकीय बॉट वापरून घेतलेल्या सुमारे दोन हजार अपॉइंटमेंट रद्द केल्या. अशा तारखेसाठी एजंटला रोख दिलेले पैसे मागायचे, तर हातात पावतीही नसते.

अर्ज मागे घेतला तर पुढच्या व्हिसावर डाग लागतो का?

नुसता अर्ज मागे घेणे म्हणजे व्हिसा नाकारला जाणे नव्हे. ‘तुमचा व्हिसा कधी नाकारला गेला आहे का’ या प्रश्नाला, निर्णय होण्याआधी अर्ज मागे घेतला असेल तर खरे उत्तर ‘नाही’ असेच आहे. फॉर्ममध्ये मागे घेतलेल्या अर्जांबद्दल वेगळे विचारले असेल, तर मात्र ते सांगावे. अमेरिकेच्या अर्जात ‘प्रवेशाचा अर्ज मागे घेतला होता का’ असे विचारतात, ते त्यांच्या विमानतळावर किंवा सीमेवर घडलेल्या प्रसंगाबद्दल असते. घरी बसून रद्द केलेल्या अपॉइंटमेंटबद्दल नव्हे.

निर्णय झालेला नसेल आणि पासपोर्ट आत अडकला असेल, तर पैसे मिळणार नसले तरी अर्ज मागे घेण्यात अर्थ असतो. दुबईत नोकरीवर रुजू व्हायचे आहे आणि पासपोर्ट तिसऱ्याच देशाच्या फाइलमध्ये आहे, अशा वेळी पासपोर्ट हातात येणे महत्त्वाचे. त्यासाठी सही केलेले साधे पत्र लागते: अर्ज क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, अर्ज मागे घेत असल्याचे एक वाक्य आणि पासपोर्ट परत करण्याची विनंती. कुटुंबातल्या प्रत्येकासाठी ते स्वतंत्र द्यावे. पासपोर्ट परत यायला काही दिवस लागतात, आजच्या आज मिळेल असे धरून तिकीट काढू नये.

एजंट पैसे देत नसेल तर?

दूतावासाच्या शुल्कासाठी ग्राहक आयोगात जाण्यात फारसा अर्थ नाही. एजंटची फी आणि त्याने न केलेले काम ही मात्र सरळसरळ सेवेची बाब आहे. अर्जच भरला नव्हता आणि तरी ‘व्हिसा शुल्क गेले’ असे सांगितले जाते, असे प्रकार होतात. शुल्क भरल्याची दूतावासाची किंवा केंद्राची पावती मागा. त्यावर तुमचे नाव आणि संदर्भ क्रमांक असतो. ती दाखवता येत नसेल तर पैसे पुढे गेलेलेच नाहीत, असे समजायला हरकत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणे, हीसुद्धा. आधी ईमेलने मागणी करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग. सांताक्रूझसाठी तो मुंबई उपनगर जिल्ह्याचा, वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ‘नॉन-रिफंडेबल’ असा शिक्का पावतीवर आहे म्हणून घाबरून गप्प बसू नये. काम केले असेल तर त्या शिक्क्याला अर्थ असतो. कामच झाले नसेल तर तो फक्त शिक्का राहतो.

विमा आणि तिकिटाचे काय?

व्हिसासाठी काढलेला प्रवास विमा सुरू होण्याच्या तारखेआधी रद्द केला, तर थोडे शुल्क कापून हप्ता सहसा परत मिळतो. प्रवास झाला नाही हे दाखवायला पासपोर्टच्या पानांच्या प्रती मागतात. विमानाचे तिकीट ‘परतावा नाही’ प्रकारचे असले, तरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर परत करावे लागतात. कंपनी ते आपणहून देईलच असे नाही, मागावे लागतात. टूर पॅकेजवर टीसीएस कापला गेला असेल, तर तो फॉर्म २६एएसमध्ये दिसतो का ते पाहून विवरणपत्रात वजा करून घ्यावा.

परताव्याच्या नावाखाली फसवणूक कशी होते?

‘व्हिसा रिफंड कस्टमर केअर’ असे सर्चमध्ये टाकले, की अनेकदा खोटे क्रमांक वर येतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, अर्ज क्रमांक विचारतो, मग एक अ‍ॅप डाउनलोड करायला किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो. परतावा मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही, ‘प्रोसेसिंग’साठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. क्रमांक शोधायचा तर अर्जाच्या ईमेलमध्ये किंवा केंद्राच्या पावतीवर शोधावा. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.