युद्धाची थकबाकी

युद्धाचा हिशेब मांडण्याची आपली रीत ठरलेली आहे. किती पडले, किती जखमी झाले, किती मुलूख मिळाला किंवा गेला, एवढे आकडे वर्तमानपत्रांत आले की वही मिटली जाते. पण कोणत्याही कारखान्यातला कारकून सांगेल की वर्ष संपले म्हणून देणे संपत नाही. ते पुढल्या वहीत ओढावे लागते. युद्धाचेही तसेच आहे. त्याची थकबाकी शिपाई फेडतो, त्याची बायकामुले फेडतात आणि पुष्कळदा ज्यांनी बंदूक कधी हातात धरली नाही अशी माणसेही फेडतात. ही थकबाकी कशी साचते आणि ती फेडण्याची जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न आम्ही येथे हाती घेत आहोत.

विश्रांतवाडीच्या रहिवाशांना हा विषय दूरचा वाटू नये. एका अंगाला लोहगावचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला दिघीचा लष्करी परिसर आणि होळकर पूल ओलांडला की खडकी. खडकीत 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. त्याच खडकीत युद्धात मेलेल्यांची दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांच्या कबरी तेथे आहेत आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात या देशात मेलेल्या 1,800 हून अधिक सैनिकांची आठवण तिथल्या स्मारकावर आहे. अपंग झालेल्या सैनिकांना कसब शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 साली मुंबईत निघाली आणि पुढे खडकीतच आली. पाठीच्या कण्याला इजा होऊन पायांतले बळ गेलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्रही 1974 पासून येथे आहे. काडतूस जेथे बनते ती जागा आणि काडतुसाने काय होते हे जेथे दिसते ती जागा, यांत फार तर एका सायकलफेरीचे अंतर आहे.

थकबाकीतली पहिली बाब शरीराची. ती डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यासाठी काही तरी केले जाते. 1944 साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले, ते युद्धात हातपाय गमावलेल्यांची संख्या वाढली म्हणूनच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. सरकारने 2018 साली त्यांना पद्मश्री दिली. ही गोष्ट सांगताना लोक जिद्दीचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण जिद्दीबरोबर आणखी दोन गोष्टी होत्या : इलाज करणारे रुग्णालय आणि पुढे पुण्याच्या टेल्कोत मिळालेली नोकरी. नुसत्या जिद्दीवर चूल पेटत नाही, हे कामगारांना वेगळे सांगायला नको.

दुसरी बाब मनाची. ती दिसत नाही आणि म्हणून तिची नोंदही उशिरा होते. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतणारे काही शिपाई थरथरत, कोणाची वाचा जाई, कोणाची दृष्टी जाई, आणि अंगावर तर ओरखडाही नसे. चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टराने 1915 साली या विकाराला ‘शेल शॉक’ या नावाने वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पण सेनाधिकाऱ्यांच्या लेखी पुष्कळदा तो भ्याडपणाच होता. पळून जाणे, भ्याडपणा यांसारख्या गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सैन्याने त्या युद्धात आपल्याच 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली ती 2006 साली, नव्वद वर्षांनी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आघातानंतरच्या या मनोविकाराला जागा मिळायला 1980 साल उजाडले, तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आवाज उठवल्यावर.

हा विकार होतो कसा, हे समजून घेणे अवघड नाही. धोका दिसला की शरीर घंटा वाजवते : छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, झोप उडते, कान टवकारले जातात. आघाडीवर हीच घंटा जीव वाचवते. महिनोन्‌महिने ती वाजत राहिली की बंद करण्याची कळच बिघडते. माणूस घरी येतो, पण दिवाळीतल्या फटाक्याने दचकून उठतो, दाराकडे पाठ करून बसत नाही, लहानशा बोलण्यावर भडकतो, झोपेसाठी दारूचा आधार घेतो. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. वास्तविक बदल स्वभावात नसतो. लढाईच्या ठिकाणी उपयोगी पडलेली सवय घरात सुटत नसते, एवढेच.

भयाखेरीज आणखी एक जखम असते : आपण केले ते बरोबर होते काय, सोबती मेला आणि आपण का उरलो, ही टोचणी. आपल्या पूर्वजांना ती ठाऊक होती. महाभारत युद्धाच्या विजयावर थांबत नाही. स्त्रीपर्वात विधवा रणांगणावर येतात, शांतिपर्वात जिंकलेला धर्मराज राज्य नको म्हणतो. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा तर खेड्यापाड्यांतल्या आजीबाईंनाही माहीत आहे.

तिसरी बाब समाजाची. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे पहिल्या महायुद्धात 46 जवान कामी आले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागले. त्या नावाचा अभिमान गावाला आहे, पण 46 घरांतली शेती पुढे कोणी केली, हा हिशेब स्मारकाच्या दगडावर मावत नाही. मेसोपोटेमियात कूट येथे मराठा पलटणी वेढ्यात उपाशी राहिल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी तुर्कांच्या कैदेत गेल्या. त्यांतले कित्येक परतलेच नाहीत. 1918 साली फौजांच्या ये-जा करण्याबरोबर मुंबई बंदरातून इन्फ्ल्यूएंझाची साथ शिरली. तिने या देशात 1 कोटीहून अधिक माणसे नेली. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेले ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटले. शेकडो माणसे मेली. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे 66 जवान त्यांत होते. आघाडी तेथून कितीतरी दूर होती. पण युद्धाचा माल जेथून जातो तेथे युद्धच जाते, आणि तो माल उचलणारा हमाल शिपाईगिरीचा पगार घेत नसतो.

आता जबाबदारीचा प्रश्न. कारखान्यात यंत्राने बोट तुटले तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मान्य झाले. कामगाराचा निष्काळजीपणा म्हणून हात झटकण्याची मालकाची जुनी सवय त्यामुळे बरीच मोडली. सैनिक त्या कायद्याबाहेर ठेवला गेला. त्याच्यासाठी पेन्शनचे वेगळे नियम आहेत. त्या नियमांत कळीचा प्रश्न असा, की आजार नोकरीमुळे झाला किंवा बळावला काय? तुटलेल्या पायाबाबत वाद नसतो. वाद होतो तो आजाराबाबत. धरमवीर सिंग या सैनिकाला अपस्माराच्या झटक्यांमुळे नोकरीतून काढले आणि अपंगत्वाचे पेन्शन नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली निकाल दिला, की भरतीच्या वेळी ज्याच्या आजाराची नोंद नाही तो धडधाकट होता असे धरावे आणि आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. हे आमच्या मते साध्या न्यायाला धरून आहे. तपासून, वजन करून, छाती मोजून माणूस घेतला असेल, तर तो मोडला तेव्हा ‘मुळातच कच्चा होता’ म्हणता येत नाही.

सरकारने करावयाचे ते सरकारकडून करून घेतलेच पाहिजे. पण काही गोष्टी शेजाऱ्यांच्या हातात आहेत. विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या भागांत सैन्यातून निवृत्त झालेली पुष्कळ कुटुंबे राहतात. शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, मुले शाळेत असतात, आणि मिळते ते काम पुष्कळदा दारावरच्या पहाऱ्याचे, बारा-बारा तासांचे, रात्रपाळीचे. ज्याची झोप आधीच उडाली आहे त्याला हेच काम मिळावे, ही दुर्दैवाची गोष्ट आहे. सोसायटीच्या सभेत त्याच्या पाळीचे तास आठ करण्याचा ठराव कोणीही मांडू शकतो. त्याला मानसिक त्रास होत असेल तर ‘वेडा’ हा शब्द न वापरणे कोणालाही जमते. मनाच्या आजारासाठी सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे, आणि सैनिकांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. पेन्शनच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. ही माहिती ज्या घराला हवी असते, ते घर पुष्कळदा लाजेपायी विचारत नाही. म्हणून ती आपण होऊन सांगावी लागते.

मिरवणुकीत सैनिकाच्या गळ्यात हार घालणे सोपे असते; त्याला अर्धा तास लागतो. थकबाकीला वर्षे लागतात. युद्धाची घोषणा एकजण करतो आणि देणे सगळ्यांच्या नावावर चढते, हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढचे युद्ध मागताना नागरिकांचा आवाज आपोआप थोडा खाली येईल आणि मागच्या युद्धाचे देणे मागताना तो थोडा वर जाईल.