कलाम्बो : कड्यावरचे पाणी आणि पाण्याखालचे लाकूड

झांबियाची राजधानी लुसाका येथून ईशान्येस सुमारे १००० किलोमीटर गेल्यावर मबाला हे लहानसे शहर लागते. पहिले महायुद्ध युरोपात ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. पूर्व आफ्रिकेतील जर्मन सेनेने मात्र त्यानंतर दोन आठवड्यांनी, २५ नोव्हेंबरला, याच ठिकाणी शस्त्रे खाली ठेवली. बातमी पोहोचायलाही दिवस लागावेत, इतका हा मुलूख दूरचा. येथून कच्च्या रस्त्याने कलाम्बो धबधबा गाठता येतो. दुसरी वाट म्पुलुंगु बंदरातून होडीने टांगानिका सरोवरातून जाते. पण तिच्या शेवटी खडी चढण आहे. वृद्ध मंडळी सोबत असल्यास गाडीचा मार्गच बरा.

कलाम्बो नदी ही झांबिया आणि टांझानिया यांची सीमा. २०० मीटरांहून अधिक उंचीच्या कड्यावरून ती एकाच झेपेत दरीत कोसळते आणि पुढे सरोवरास मिळते. उंचीने हा धबधबा व्हिक्टोरिया धबधब्याच्या सुमारे दुप्पट आहे. रुंदीने मात्र अगदी सडपातळ. कड्याच्या कपारींत मराबू करकोचे कोरड्या ऋतूत घरटी करतात. म्हणून तेथे मोठ्याने बोलू नये, दगड भिरकावू नयेत आणि वाटाड्याने सांगितलेल्या जागेपुढे पाऊल टाकू नये.

बहुतेक प्रवासी धबधबा पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. परंतु कलाम्बोचे खरे आश्चर्य धबधब्याच्या वरच्या अंगास, नदीकाठच्या गाळात आहे. पुरातत्त्वज्ञ जे. डेस्मंड क्लार्क यांनी १९५३ साली ही जागा प्रथम ओळखली आणि पुढे तेथे उत्खनन केले. त्याच परिसरातील नव्या संशोधनाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अभ्यासक चकित झाले. दोन ओंडके सापडले होते. एकास मुद्दाम खाच पाडून तो दुसऱ्यावर आडवा बसवलेला होता. त्यांचे वय किमान ४,७६,००० वर्षे ठरले.

आपल्या मानवजातीचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे हा सांधा जुळवणारे हात आपल्याही आधीच्या मानवांचे होते. त्यांनी चौथरा केला, पायवाट केली की निवाऱ्याचा पाया घातला, हे निश्चित नाही. मात्र लाकूड निवडणे, तासणे, जोडणे ही सुताराची बुद्धी त्यांच्यापाशी होती. सतत भटकणारा म्हणून ज्याची ओळख होती, तो माणूस एका ठिकाणी काही उभारण्याइतका थांबला होता.

लाकूड इतका काळ टिकले ते पाण्यामुळे. ओल्या गाळात हवा पोहोचत नाही, त्यामुळे ते कुजले नाही. जे पाणी कड्यावरून सर्वस्व उधळताना दिसते, त्यानेच थोडे वर एवढा जुना ठेवा जपला. तो ठेवा धबधब्यापाशी पाहावयास मिळत नाही. जाणता वाटाड्या सोबत असेल तरच मोकळ्या दिसणाऱ्या त्या नदीकाठाला अर्थ येतो. म्हणून वाटाड्याची निवड करताना केवळ दराकडे पाहू नये.

पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. तो सरताच, मे-जूनमध्ये, धबधब्याला पाणी असते आणि रस्ताही कोरडा होऊ लागतो. मलेरियाबाबत वैद्यकीय सल्ला आधीच घ्यावा. मक्याच्या पिठाचा नशिमा हे तेथील मुख्य अन्न शाकाहारीच. परंतु त्यासोबतच्या कालवणात कापेंता ही सुकी मासळी असू शकते, म्हणून विचारूनच घ्यावे. कोरडा शिधा आणि पाणी जवळ असावे, आणि दिवस मावळण्यापूर्वी मबालास परतावे.

एका दिवसाची ही सहल. पाण्याची झेप डोळ्यांना दिसते. दोन ओंडक्यांचा सांधा मनाने पाहावा लागतो. दोन्ही पाहून परतणाऱ्याचीच सहल पूर्ण होते.