ते हेमिंग्वे वेगळे!

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाचं नाव बीव्हर स्टेडियम. झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा बीव्हर तिथे सगळ्यांच्या ओळखीचा, आणि संघांना प्राण्यांची नावं द्यायची अमेरिकी कॉलेजांची हौसही जुनी. त्यामुळे नवखा माणूस स्टेडियमचा संबंध त्या प्राण्याशी जोडून मोकळा होतो. प्रत्यक्षात पेन स्टेटच्या संघाचा प्राणी सिंहाच्या कुळातला. बीव्हर म्हणजे जेम्स बीव्हर. ते यादवी युद्धातले सेनानी, पुढे पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर आणि विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. मायामीचं पिटबुल स्टेडियमही असंच चकवतं. पिटबुल हा मायामीचाच गायक. 2024 साली त्याने फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाशी करार केला. वर्षाला 12 लाख डॉलर, पाच वर्षं, आणि स्टेडियमवर त्याचं नाव!

सगळ्यात गमतीदार घोटाळा मिसिसिपी विद्यापीठात होतो. तिथलं स्टेडियम आहे वॉट-हेमिंग्वे. गाव ऑक्सफर्ड, म्हणजे विल्यम फॉकनरचं गाव. अशा ठिकाणी हेमिंग्वे हे नाव दिसल्यावर साहित्यप्रेमी पाहुण्याचे डोळे चमकले नाहीत तरच नवल. पण हे अर्नेस्ट हेमिंग्वे नव्हेत. हे विल्यम हेमिंग्वे, कायद्याचे प्राध्यापक आणि विद्यापीठाच्या क्रीडा समितीचे अनेक वर्षं अध्यक्ष. त्यांच्या जोडीला प्रशिक्षक जॉनी वॉट यांचं नाव 1982 मध्ये आलं.

लेखकाचं नाव स्टेडियमला मिळतच नाही, असं मात्र नाही. अनेक मराठी मुलं इंजिनिअरिंग शिकायला जातात त्या पर्ड्यू विद्यापीठाचं रॉस-एड स्टेडियम 1924 साली उघडलं. त्यातले जॉर्ज एड हे त्या काळचे लोकप्रिय विनोदी लेखक आणि नाटककार, पर्ड्यूचेच माजी विद्यार्थी. त्यांनी आणि उद्योजक डेव्हिड रॉस यांनी मिळून जमीन घेतली आणि विद्यापीठाला दिली.

यावरून कोणी म्हणेल की शेवटी नाव लागतं ते धनवंताचंच. तेल आणि वायदेबाजारात पैसा केलेले बून पिकन्स यांचं ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातलं स्टेडियम पाहिलं की हे पटतंही. त्यांनी तिथल्या खेळांसाठी एका वेळी 16 कोटी 50 लाख डॉलर दिले होते. पण टेक्सस ए अँड एमचं काईल फील्ड बघा. एडविन काईल हे बागायतीशास्त्राचे प्राध्यापक. खेळाच्या मैदानासाठी कॉलेजकडे पैसे नव्हते, तेव्हा 1904 च्या सुमारास त्यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी आपल्याकडे सोपवलेल्या जमिनीच्या एका कोपऱ्याला कुंपण घातलं आणि शेजारच्या गावातल्या जत्रेच्या मैदानावरचा प्रेक्षकांचा मांडव पदरच्या पैशाने विकत आणला. आज त्या जागी एक लाखाहून जास्त माणसं बसतात. शेतीच्या मास्तरांचं नाव अजून कोणी हलवलेलं नाही.

नाव मृत्यूनंतरच देतात, हाही एक समज. ऑबर्नने 1973 मध्ये शग जॉर्डन यांचं आणि अलाबामाने 1975 मध्ये बेअर ब्रायंट यांचं नाव स्टेडियमला जोडलं तेव्हा दोघेही प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर उभे राहत होते. आपल्याच नावाच्या मैदानात हरायचं म्हणजे अवघडच!

आता याच्या उलट टोक. आयोवा स्टेटच्या जॅक ट्राइस स्टेडियमबद्दल ऐकणाऱ्याला वाटतं, खेळाडू मैदानावर दगावला आणि हळहळलेल्या विद्यापीठाने लगेच त्याचं नाव दिलं. घडलं ते असं. ट्राइस हा त्या विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पशुसंवर्धन शिकत होता. 6 ऑक्टोबर 1923 ला मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, तरी तो खेळत राहिला. उत्तरार्धात तो खाली पडला आणि तुडवला गेला. दवाखान्याने प्रवासाला परवानगी दिली, म्हणून त्याला रेल्वेने परत आणलं. 8 तारखेला तो गेला. सामन्याच्या आदल्या रात्री त्याने लिहिलेलं पत्र त्याच्या कोटाच्या खिशात सापडलं. मग पन्नास वर्षं फारसं काही झालं नाही. 1970 च्या दशकात नवं स्टेडियम बांधलं जात असताना विद्यार्थ्यांनी त्याचं नाव लावून धरलं. विद्यापीठ कचरत राहिलं. 1984 मध्ये तडजोड निघाली: फक्त मैदान ट्राइसचं, स्टेडियमचं नाव ‘सायक्लोन’. विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या, मागणी टिकली. संपूर्ण स्टेडियमला त्याचं नाव मिळालं 1997 साली.

विद्यार्थ्यांचं दडपण कधीकधी झपाट्यानेही काम करतं. 2013 मध्ये फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाने खासगी तुरुंग चालवणाऱ्या जिओ ग्रुप या कंपनीशी 60 लाख डॉलरचा नामकरणाचा सौदा जाहीर केला. तिथल्या संघाचं नाव ‘आउल्स’, म्हणजे घुबडं. पोरांनी अल्काट्राझ तुरुंगाची आठवण काढून स्टेडियमचं ‘आउलकाट्राझ’ करून टाकलं. काही आठवड्यांतच कंपनीने माघार घेतली. पैशाने नाव मिळतं खरं, पण ते पचेलच असं नाही. लुइव्हिलच्या स्टेडियमवरून पापा जॉन्स या पिझ्झा कंपनीचं नाव 2018 मध्ये उतरवलं गेलं, कारण संस्थापकाच्या तोंडून निघालेला वर्णद्वेषी शब्द.

त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठापुढे मात्र वेगळा पेच होता. तिथलं केनन मेमोरियल स्टेडियम 1927 चं. पैसे दिले धाकट्या विल्यम केनन यांनी, आई-वडिलांच्या स्मरणार्थ. वडिलांचं नावही विल्यम केननच. 1898 मध्ये विल्मिंग्टन शहरात गोऱ्या जमावाने निवडून आलेलं नगरशासन उलथवलं, कृष्णवर्णीयांची कत्तल केली. थोरले केनन त्या वेळी मशीनगन घेऊन फिरणाऱ्या गोऱ्या तुकडीचे म्होरके होते. हे पुन्हा चर्चेत आल्यावर विद्यापीठाने स्टेडियमचं नाव बदललं नाही. फलकावरचा मजकूर बदलला आणि सन्मान थोरल्यांकडून काढून धाकट्यांकडे दिला. तिकिटांवर, नकाशांवर, कमानीवर एक अक्षरही बदलावं लागलं नाही.