सर्व्हर ‘डाऊन’ नसतो, रांग वाढलेली असते: वेटिंगचं गणित आणि रिफ्रेशचा खेळ



ॲडमिशनच्या फॉर्मची शेवटची तारीख, रिझल्टची दुपार आणि तत्काळ तिकिटाची सकाळ. तिन्ही वेळा मोबाईलवर एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे गोल गोल फिरणारं चक्र. आपण वैतागून म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे." मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे आणि सर्व्हरवरचा लोड सांभाळणं हे माझं रोजचं काम. बऱ्याचदा सर्व्हर व्यवस्थित चालू असतो, फक्त त्याच्यासमोरची रांग हाताबाहेर गेलेली असते.

ही रांग कशी वाढते, याचं गणित ऑपरेशन्स रिसर्च या विषयात शिकवतात. इंजिनीअरिंगला ‘ओआर’ म्हणून पास होण्यापुरतं वाचलेलं हे प्रकरण फोन वापरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. आज त्यातली दोन मॉडेल्स बघू. पहिलं योगायोगाचं, म्हणजे प्रोबॅबिलिटीचं. दुसरं डावपेचांचं, म्हणजे गेम थिअरीचं.

सुरुवात टेलिफोनपासून

डेन्मार्कमध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग नावाचा गणितज्ञ काम करायचा. कंपनीसमोर प्रश्न साधा होता. लाइन्स कमी ठेवल्या तर लोकांचे फोन लागत नाहीत, जास्त ठेवल्या तर पैसा वाया जातो. मग किती ठेवायच्या? एरलांगने १९०९ मध्ये दाखवलं की कोण कधी फोन करेल हे सांगता येत नसलं, तरी एका तासात साधारण किती फोन येतील आणि त्यात किती चढउतार होईल, याचा हिशोब मांडता येतो. १९१७ मध्ये त्याने लाइन्स किती लागतील याची सूत्रंही दिली. पुढे एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या एका प्रोग्रॅमिंग भाषेला त्याचं नाव मिळालं. व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच ‘एरलांग’ भाषेवर उभे राहिले.

झेरॉक्सच्या दुकानातलं गणित

समजा कॉलेजबाहेर झेरॉक्सचं एक दुकान आहे, मशीन एकच. एका गिऱ्हाईकाला सरासरी २ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला ३० जणांचं काम होऊ शकतं. पण कुणाचं एकच पान असतं, कुणाची अख्खी नोट्सची वही. गिऱ्हाईकंही घड्याळ लावून येत नाहीत. कधी दहा मिनिटं कुणीच नाही, कधी एकदम चौघं.

अशा दुकानासाठीचं सर्वात सोपं सूत्र असं: तासाला होऊ शकणाऱ्या कामातून तासाला येणारी माणसं वजा करा, आणि १ ला त्या उत्तराने भागा. दुकानात जाणारा सरासरी वेळ तासांत मिळतो.

- तासाला १५ जण आले: ४ मिनिटं
- तासाला २४ जण आले: १० मिनिटं
- तासाला २७ जण आले: २० मिनिटं
- तासाला २९ जण आले: ६० मिनिटं

परत एकदा बघा. २७ वरून २९, म्हणजे फक्त दोन माणसं वाढली आणि वेळ तिप्पट झाला. मशीन तेच, दुकानदार तोच, कुणीही आळस केलेला नाही. कारण इतकंच की रिकामा गेलेला वेळ साठवून ठेवता येत नाही. दहा मिनिटं दुकान ओस पडलं, तर ती दहा मिनिटं पुढच्या गर्दीत वापरता येत नाहीत. दुकान जितकं भरलेलं, तितकी साचलेली रांग उपसायला सवड कमी.

सर्व्हरचंही तसंच. सेकंदाला १०० रिक्वेस्ट हाताळणारा सर्व्हर ५० रिक्वेस्टना सरासरी २० मिलिसेकंदांत उत्तर देतो. ९० ला १०० मिलिसेकंद लागतात, ९९ ला पूर्ण एक सेकंद. आणि ११० यायला लागल्या की सूत्रच संपतं. दर सेकंदाला १० रिक्वेस्ट मागे पडत जातात. दहा मिनिटांत ६,००० ची रांग होते आणि नवीन येणाऱ्याला मिनिटभर थांबावं लागतं. तुमच्या ॲपचा टाइमआउट ३० सेकंदांचा असेल, तर तुम्हाला दिसणार ‘समथिंग वेंट राँग’. सर्व्हर मात्र तेव्हाही जीव तोडून काम करत असतो.

म्हणून सर्व्हर मुद्दाम थोडा रिकामा ठेवावा लागतो. "७० टक्केच वापरताय, मग एवढे सर्व्हर कशाला?" असं कुणी विचारलं, तर त्याला वरचा तक्ता दाखवायचा.

एक रांग की दोन?

दुकानदाराने दुसरं मशीन घेतलं आणि गर्दीही दुप्पट झाली, तासाला ५४ जण. प्रत्येक मशीनपुढे वेगळी रांग लावली, तर वेळ पुन्हा २० मिनिटंच. पण एकच रांग करून ‘जे मशीन मोकळं होईल तिथे पुढचा’ असं ठेवलं, तर वेळ साधारण साडेदहा मिनिटांवर येतो. एका पैशाचाही जास्त खर्च नाही. एका रांगेत लोक खोळंबलेत आणि शेजारचं मशीन रिकामं, असं होतच नाही. बँकेतली टोकन पद्धत याच तत्त्वावर चालते.

आता डावपेच

इथवर आपण एक गोष्ट गृहीत धरली होती: माणसं एकमेकांकडे न बघता, आपापल्या वेळी येतात. एरलांगच्या टेलिफोनला ते लागू पडत होतं. शेवटच्या तारखेला ते मोडतं. सगळ्यांचं लक्ष एकाच घड्याळाकडे असतं, आणि ‘बाकीचे काय करतील’ हा विचार करून प्रत्येक जण आपली चाल ठरवतो. इथून गेम थिअरी सुरू होते.

समजा २०० जण एकाच वेळी फॉर्म भरतायत आणि सर्व्हर त्या वेळात १०० रिक्वेस्टच घेऊ शकतो. बाकीच्या तो नाकारतो. कुठल्या घेतल्या जातील, हे नशिबावर.

- सगळ्यांनी एकदाच सबमिट दाबलं: तुमचा चान्स ५० टक्के.
- बाकीच्यांनी एकदा, तुम्ही दोनदा दाबलं: तुमचा चान्स साधारण ७५ टक्के.
- बाकीच्यांनी दोनदा, तुम्ही एकदाच दाबलं: साधारण २५ टक्के.
- सगळ्यांनी दोनदा दाबलं: साधारण ४४ टक्के.

तुमच्या बाजूने बघा. बाकीचे शहाण्यासारखे वागोत की वेड्यासारखे, दोनदा दाबण्यातच तुमचा फायदा दिसतो. प्रत्येकाला तेच दिसतं. म्हणून सगळे दोनदा दाबतात आणि सगळ्यांचा चान्स ५० वरून ४४ वर येतो. हरवलेले ६ टक्के गेले कुठे? एकाच माणसाची रिक्वेस्ट दोनदा घेण्यात. सर्व्हरने १०० कामं केली, पण वेगळी माणसं फक्त ८७-८८.

कुणीही एकट्याने चाल बदलून फायद्यात येऊ शकत नाही, अशा स्थितीला ‘नॅश इक्विलिब्रियम’ म्हणतात. जॉन नॅशने ही कल्पना १९५० मध्ये मांडली. आणि ती स्थिती सगळ्यांच्याच तोट्याची असली, की तो झाला ‘प्रिझनर्स डिलेमा’.

म्हणून "कृपया वारंवार रिफ्रेश करू नका" ही सूचना कुणी पाळत नाही. लोक बेशिस्त आहेत असं म्हणून प्रश्न सुटत नाही. ज्याचं वर्ष त्या फॉर्मवर अवलंबून आहे, तो मुलगा बटण दाबणारच. इथे चूक खेळाच्या नियमांत आहे.

नियम बदलले तर?

- वेटिंग रूम: साइटवर आल्यावर टोकन नंबर मिळतो, रिफ्रेश केलं तरी नंबर तोच. जास्त दाबण्याचा फायदाच संपतो.
- डुप्लिकेट ओळखणं: एकाच फॉर्मच्या दहा रिक्वेस्ट आल्या तरी काम एकदाच करायचं.
- थांबून पुन्हा प्रयत्न: चांगलं ॲप लगेच रिट्राय करत नाही. आधी १ सेकंद, मग २, मग ४, असं थांबतं. त्यात थोडा योगायोगही मिसळतं, म्हणजे सगळे फोन एकाच क्षणी परत धडकत नाहीत.
- गर्दी पसरवणं: तत्काळ बुकिंग एसीसाठी सकाळी १० ला आणि नॉन-एसीसाठी ११ ला उघडतं, ते यासाठीच.

आपण काय करायचं?

फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नका, हे आई-बाबाही सांगतात. आता त्यामागचं गणितही कळलं. गर्दी दुप्पट झाली म्हणून वेळ दुप्पट होत नाही, तो दहापट होऊ शकतो. दोन दिवस आधीचा सर्व्हर म्हणजे १५ गिऱ्हाईकांचं दुकान.

पैशाचं मात्र नीट लक्षात ठेवा. यूपीआय पेमेंट ‘पेंडिंग’ दिसलं आणि तुम्ही पुन्हा स्कॅन करून पैसे पाठवले, तर तो नवीन व्यवहार धरला जातो आणि दोन्ही वेळा पैसे कटू शकतात. आधी हिस्टरीत स्टेटस बघा, मगच पुढचं.

आणि तुमच्यापैकी कुणी पुढे कॉलेजची, क्लासची किंवा गावच्या स्पर्धेची नोंदणी साइट बनवणार असेल, तर ‘रिफ्रेश करू नका’ अशी पाटी लावण्यात वेळ घालवू नका. पहिल्याच दिवशी टोकन द्या.