विहिरीतला दिवस आणि डोळा न लागणारी रात्र

मे महिन्याच्या दुपारी पाचोडजवळच्या एखाद्या मोसंबीच्या बागेकडे चाललात, तर पोरं दिसण्याआधी त्यांचा आवाज ऐकू येतो. कुणीतरी काठावरून मुटका मारतो, पाणी वरपर्यंत उडतं आणि आत एकच ओरडा होतो. पाठीला डबा बांधलेलं सर्वांत लहान पोर पायरीला घट्ट धरून नुसते पाय आपटत असतं. पैठणचं धरण आमच्यापासून लांब नाही. सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेला त्याचा नाथसागर जलाशय आमच्याच तालुक्यात सुरू होतो. पण आमच्याकडची बहुतेक माणसं पोहायला शिकतात ती विहिरीत. सकाळी दहाला उतरायचं आणि कुणीतरी हाका मारत येईपर्यंत बाहेर पडायचं नाही.

संध्याकाळी लाल डोळ्यांनी आणि सुरकुतलेल्या बोटांनी घरी आलं की आजी म्हणायची, "दमलंय पोरगं, आज पडल्या पडल्या झोपल." पुष्कळदा तसं व्हायचंही. पण काही रात्री अंग ठणकायचं, पोटरीत गोळा यायचा आणि डोळे मिटले की खाट पाण्यावर तरंगल्यासारखी वाटायची. मोठेपणी तारकर्लीहून किंवा कोलाडच्या राफ्टिंगहून परतलेल्या माणसांकडून हेच ऐकलं. दिवसभर पाण्यात झुंजलो, रात्री मात्र झोप नाही. या रात्रीबद्दल घरोघरी जे सांगितलं जातं, त्यातलं काही खरं आहे, बरंच चुकीचं आहे आणि एक-दोन समजुती जिवावर बेतणाऱ्या आहेत.

"जितकं दमाल, तितकी गाढ झोप"

ही समजूत सर्वांत जुनी, आणि अर्धी खरी. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. मेहनतीच्या दिवशी ही ओढ वाढते, म्हणून रोज व्यायाम करणारी माणसं एकंदरीत चांगली झोपतात. पण दमणं वेगळं आणि झोप येणं वेगळं. जोरात पोहताना शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, नाडी वाढते, आतलं तापमान चढतं. पाण्याबाहेर आल्यावर हे सगळं खाली यायला वेळ लागतो. स्नायू थकलेले असतात, पण मेंदू अजून काठावर उभं राहून पुढची उडी बघत असतो.

संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडतेच असं नाही, हे अलीकडच्या अभ्यासांतून दिसलं आहे. अडचण होते ती अंथरुणाला पाठ टेकण्याच्या तासाभर आधीपर्यंत दमछाक सुरू असली तर. शेवटची उडी ऊन कलायच्या सुमाराला मारली, तर रात्रीपर्यंत शरीराला उतरायला भरपूर अवधी मिळतो. शेततळ्यावर किंवा रिसॉर्टच्या तलावात दिवे लावून रात्री नऊपर्यंत शर्यती लावल्या, तर तो मिळत नाही.

जगातले उत्तम जलतरणपटूही यातून सुटलेले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या अव्वल जलतरणपटूंवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहाटे सहाच्या सरावाआधीच्या रात्री त्यांना सरासरी ५.४ तास झोप मिळत होती, आणि विश्रांतीच्या दिवसांआधी ७.१ तास. रोज कित्येक किलोमीटर पोहणारी ही माणसं होती. दमणं पुरेसं असतं तर त्यांच्याइतकं कुणीच झोपलं नसतं. आपल्याकडे धरमतर ते गेटवे हे सुमारे ३६ किलोमीटरचं अंतर पोहणारेही भरती-ओहोटी पाहून अनेकदा अपरात्री पाण्यात उतरतात. त्यांनी झोपेची बेगमी आधीच्या दिवसांत करायची असते. पोहून आल्यावर आपोआप झोप लागेल, या भरवशावर राहता येत नाही.

यात दुपारच्या झोपेचीही भर पडते. चार वाजता विहिरीवरून आलेलं पोर जेवून साडेपाचला आडवं होतं आणि सातला उठतं. मग साठलेली ओढ तिथेच खर्च होते आणि रात्री अकरालाही डोळे टक्क उघडे राहतात. डुलकी घ्यायचीच तर तिनाच्या आत, वीस-तीस मिनिटांची घ्यावी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते. ती रात्रीच सलग मिळालेली बरी.

"अंग गार झालं, आता झोप मस्त लागणार"

हवेच्या तुलनेत पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. म्हणून बाहेर चाळीस अंशांचं ऊन असतानाही विहिरीत तासभर डुंबलेल्या पोराचे ओठ निळे पडतात. शरीर आतली ऊब राखण्यासाठी कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतं. हात-पाय गार लागतात ते यामुळे. पण झोप यायला नेमकं याच्या उलट व्हावं लागतं. रात्री तळहात-तळपाय उबदार होतात, त्यांच्यावाटे उष्णता बाहेर पडते, शरीराच्या गाभ्याचं तापमान थोडं उतरतं आणि मग झोप लागते. तळपाय बर्फासारखे असताना झोप लांबते, हे थंडीत सगळ्यांनीच अनुभवलेलं असतं.

म्हणून झोपायच्या तोंडावर बादलीभर गार पाणी ओतून घेण्यापेक्षा, झोपेच्या एक-दोन तास आधी कोमट-गरम पाण्याने अंघोळ केलेली चांगली. या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ४० ते ४२ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं गेली तरी झोप सुमारे दहा मिनिटं लवकर लागते असं आढळलं. गरम पाण्याने कातडीतल्या वाहिन्या उघडतात आणि आतली उष्णता बाहेर पडते.

आता मराठवाड्यातल्या मे महिन्यात गरम पाण्याचं नाव काढलं तर घरातलं कुणीही अंगावर येईल, आणि त्यांचंही चूक नाही. दिवसभर तापलेले पत्रे मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात. अशा घरात अंघोळीला साधं, अंगाला बरं वाटेल असं पाणी पुरे, आणि खाट अंगणात किंवा गच्चीवर न्यावी. गच्चीवर झोपण्याची आपली जुनी रीत शरीरशास्त्राला धरूनच आहे. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे ऊन. पाण्यात गार वाटतं, पण सूर्याची अतिनील किरणं पाणी अडवत नाही. उघडे खांदे आणि पाठ दुपारी भाजतात, आग होते ती रात्री, कूस बदलताना. सदरा घालून पोहणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

"दिवसभर पाण्यात होतो, तहान कसली?"

पाण्यात घाम येतो. तो दिसत नाही, इतकंच. शिवाय गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की बाहेरच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. शरीराला वाटतं, रक्त जास्त झालं आहे, आणि मूत्रपिंडं लघवी वाढवतात. पोहताना सारखी लघवीला लागते ती यामुळे. चार तासांनी बाहेर आलेलं पोर पाण्यातून निघूनही कोरडं पडलेलं असतं. रात्रीचं डोकं दुखणं, धडधडणं आणि अस्वस्थ वाटणं यांचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

मग झोपताना तांब्याभर पाणी घटाघट प्यायलं, तर दोन वेळा उठावं लागतं. दुपारपासून थोडं थोडं पीत राहावं. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आणि पाचोडच्या बाजारात मोसंबीचे ढीग लागत असताना मोसंबी, यांपलीकडे वेगळं पेय विकत आणायची गरज नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा झाला, की पुरेसं झालं.

चहाबद्दल माझं मत आमच्या घरात कुणालाच पटत नाही, तरी सांगते. "चहाने शीण जातो" हे खरं नाही. चहातलं कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, त्यामुळे शीण कळेनासा होतो, एवढंच. त्यातलं निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सातचा चहा बाराला अर्धा शिल्लक असतो. दारूचं त्याहून वाईट. सहलीच्या रात्री "दोन घोट घेतले की गाढ झोप" म्हणणाऱ्याला झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटत राहते, आणि आधीच कोरडं पडलेलं शरीर आणखी पाणी गमावतं. जेवणाचं साधं गणित आहे. पोहून आल्यावर भूक मारू नये, पण मटणाचा बेत रात्री अकराला ठेवू नये. भाकरी, वरण, दूध असं हलकं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकावं.

अंगदुखीबद्दल दोनच शब्द. "लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय" असं व्यायामशाळेत सांगतात. ते पोहणं थांबल्यावर तासा-दोन तासांतच निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचा असतो आणि तो आपोआप भरून येतो. पोहताना पावलं सारखी ताणलेली राहतात, पोटरी आखडते आणि रात्री गोळा येतो. तेव्हा गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडे ओढावीत. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या तर बहुधा तेवढीही वेळ येत नाही. कोरड्या पडलेल्या शरीरात दुखण्याची गोळी मनाने घेऊ नये, ती मूत्रपिंडांवर ताण आणते. आणि कानात पाणी गेलं म्हणून कोमट तेल ओतू नये, काडीही घालू नये. डोकं त्या बाजूला कलतं करून पाणी निथळू द्यावं. रात्री कान ठणकलाच तर सकाळी डॉक्टरांना दाखवावा.

"पोराला आसरा लागली"

आमच्याकडे विहिरीच्या काठावर साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड असतात. नवीन विहिरीला पाणी लागलं की त्यांना नैवेद्य दाखवतात. पाण्याबद्दलचा तो आदर मला मोलाचा वाटतो. पण दिवसभर पोहून आलेलं पोर रात्री दचकून उठलं, "खाट हलतीय" म्हणालं, की बाधा झाली असं ठरतं. मग उतारा होतो, पोर घाबरतं आणि उरलीसुरली झोपही जाते.

खाट हलण्याचं कारण कानाच्या आत आहे. तोल सांभाळणारं इंद्रिय तिथे असतं. तासन्‌तास लाटांवर राहिलं की मेंदू त्या हेलकाव्यांचा हिशेब धरून चालायला शिकतो. जमिनीवर आल्यावरही काही तास तो हिशेब चालूच राहतो. नाव वल्हवणाऱ्या कोळ्यांना, बोटीने दूरचा प्रवास करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. बहुतेकांचं एका रात्रीत थांबतं, काहींना दोन दिवस लागतात. एका स्थिर वस्तूकडे पाहत बसणं, थोडं चालणं आणि खोलीत मंद दिवा ठेवणं याने बरं वाटतं.

झोप लागता लागता खड्ड्यात पडल्यासारखं वाटून सगळं अंग झटका खातं, तेही निरुपद्रवी आहे. जागेपणाकडून झोपेकडे जाताना स्नायू असे आचके देतात, आणि फार दमल्यावर, उशिरा चहा प्यायल्यावर किंवा मन उत्तेजित असताना ते जास्त होतात. अशा वेळी आईने पाठीवर हात ठेवून "काही नाही रे, विहिरीतलं आठवतंय तुला" एवढं म्हटलं तरी पोर परत झोपतं.

"पाणी प्यायलंय, पण झोपू द्या, सकाळी बरं वाटेल"

ही समजूत मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त करायला सकाळ उजाडत नाही. तिची दुसरी टोकाची बाजूही आहे. दर उन्हाळ्यात मोबाइलवर संदेश फिरतो की पोहताना जरा पाणी नाकातोंडात गेलेलं पोर दोन-चार दिवसांनी झोपेतच 'कोरडं बुडून' जातं. त्या भीतीने आया रात्रभर जाग्या राहतात. 'कोरडं बुडणं' आणि 'दुय्यम बुडणं' हे शब्द वैद्यकशास्त्राने २००२ मधल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेनंतर बाजूला ठेवले. ठसका लागला, पोर खोकलं, दोन मिनिटांत सावरलं आणि पुन्हा खेळायला लागलं, जेवलं, बोललं, तर त्याला निवांत झोपू द्यावं.

पण ज्याला पाण्यातून ओढून काढावं लागलं, जे क्षणभर निपचित पडलं किंवा ज्याचा श्वास अडकला होता, त्याची गोष्ट वेगळी. फुप्फुसात गेलेलं थोडंसं पाणीही तिथलं काम बिघडवतं आणि त्रास बहुधा पुढच्या काही तासांतच वाढतो. म्हणून अशा मुलाला रुग्णालयात सहा-आठ तास देखरेखीखाली ठेवतात. न थांबणारा खोकला, भरभर चालणारा श्वास, बरगड्यांखाली पडणारे खळगे, तोंडाला फेस, उलट्या आणि वेळेआधीच आलेली, हाक मारूनही न उतरणारी गुंगी, यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करावा. ही गुंगी दमल्याची झोप समजली जाते, आणि घात तिथेच होतो. दमून झोपलेलं पोर हलवलं की कुरकुरतं, हात झटकतं, पाणी मागतं. गुंगीतलं पोर तसं करत नाही. पोट दाबत बसू नये, उलटं धरून गरगर फिरवू नये. त्यात श्वासाची मिनिटं वाया जातात. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबायला सुरुवात करावी.

शंका असेल, तर पोर झोपल्यावर शेजारी बसून त्याचे श्वास मोजावेत. छातीवर नजर ठेवायची आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. शाळकरी वयाच्या मुलाचा श्वास शांत झोपेत साधारण विसाच्या आसपास चालतो. तो तिसाच्या वर जात असेल, तर सकाळची वाट न पाहता गाडी काढावी.