टिक्की मोजून वाढता येते

साताऱ्यात काय किंवा सांगली-मिरजेत काय, शाळेबाहेरच्या गाड्यावर वडापावच्या शेजारी आता बर्गर आला आहे. मैद्याचा गोल पाव, तळलेली टिक्की आणि वरून मेयोनीज. पोरं हट्ट धरतात आणि नुसतं नाही म्हणून ती ऐकत नाहीत. मग घरीच केलेला काय वाईट?

अमेरिकेत तब्येत सांभाळणारे लोक गायीच्या मांसाऐवजी टर्की या मोठ्या पक्ष्याच्या खिम्याचा बर्गर करतात, कारण त्यात चरबी कमी. आपल्या चिकनच्या दुकानात टर्की मिळत नाही, पण बॉयलर कोंबडीचं कातडं काढलं की तोच गुण मिळतो. खोडही तेच: चरबी कमी म्हणून टिक्की कोरडी होते. त्यासाठी नुसती छाती घेऊ नका, निम्मं मांस तंगडीचं घ्या.

पण टिक्की करा म्हणण्याचं खरं कारण वेगळं आहे. अर्धा किलो चिकनचा रस्सा सहा माणसांना पुरतो, पण फोडी कुणाच्या ताटात जातात हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ती शेवटी बसते तेव्हा पातेल्यात रस्सा आणि मानेचा तुकडा उरलेला असतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. याला कारणं अनेक आहेत, ताट हे त्यातलं एक. टिक्की मोजता येते. बारा केल्या की सहा जणांना दोन-दोन. सुनेलाही दोन, लेकीलाही दोन. पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४२ ग्रॅम प्रथिनं लागतात, त्यातली पंधरा-सोळा ग्रॅम या दोन टिक्क्यांतून मिळतात.

रक्तासाठी मात्र नुसता खिमा पुरत नाही. शंभर ग्रॅम कोंबडीच्या मांसात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम, कलेजीत सुमारे नऊ. म्हणून अर्धा किलो खिम्यात शंभर ग्रॅम कलेजी बारीक चिरून घाला. चव दाट होते आणि पोरांना पत्ताही लागत नाही. गरोदर बाईने मात्र कलेजीविना खावी, कारण तीत अ जीवनसत्त्व फार असतं. जेवताना लिंबू पिळा. चहा तासाभराने घ्या, चहाने लोह अंगी लागत नाही.

खिमा दुकानात आपल्यासमोर करून घ्या आणि त्याच दिवशी वापरा. खिमा धुऊ नका, पाणी राहिलं की टिक्की फुटते. त्यात दोन बारीक चिरलेले कांदे, वाटीभर किसून पिळलेला कोबी, आलं-लसूण, कोथिंबीर, सांगलीची हळद, चमचाभर कांदा-लसूण मसाला आणि ओंजळभर डाळ्याचं पीठ मिसळा. ओलावा राहतो तो कांदा-कोबीमुळे. मसाल्यात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ बेतानं. अर्धा तास झाकून ठेवा. मग बोटभर जाडीच्या टिक्क्या थापून तव्यावर चमचाभर तेलात, मध्यम आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं भाजा. उलथन्याने दाबू नका, रस निघून जातो. एक फोडून बघा: आत लाल-गुलाबी दिसलं तर अजून भाजा, खिमा अर्धकच्चा खाऊ नये. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर काकडी चिरू नका.

पाव पाहिजेच असं नाही. माण-खटावची बाजरी, जत-आटपाडीचा शाळू. गरम भाकरीत टिक्की, कांदा-काकडी आणि मेयोनीजऐवजी लसूण घातलेलं घट्ट दही. पोरं पावासाठी अडून बसली तर आठवड्यातून एकदा पाव द्या, भांडण नको.

वर्षावासात आणि पौर्णिमेला मांस टाळणाऱ्या घरांसाठी कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि कुकरमध्ये बोटाने चिरडेल इतका मऊ शिजवा; अर्धवट शिजलेल्या घेवड्याने उलट्या होतात. पाणी पूर्ण निथळून कुस्करा, मसाला तोच घाला. ही टिक्की लवकर फुटते, म्हणून डाळ्याचं पीठ थोडं जास्त आणि तवा चांगला तापलेला ठेवा.