टाकीवरची पुसट अक्षरे

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याविषयी आमच्या बँकेत दोन पंथ होते. एक नर्मदा परिक्रमेचा आणि दुसरा अमेरिकेत जाऊन नातवंडे सांभाळण्याचा. मी दोन्हींतून सुटलो आणि भलत्याच वाटेला लागलो. गेली काही वर्षे आम्ही पाचजण नाशिकच्या आसपासच्या लहान लहान वाइनऱ्या हिंडतो. एक दाताचे डॉक्टर, एक रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, एक इमारतींचे कंत्राटदार, मी आणि माझी पत्नी. गाडी चालवायला डॉक्टरांचा ड्रायव्हर असतो. तो फक्त चहा घेतो, आणि परतताना आमच्याकडे आरशातून कीव आल्यासारखा बघतो.

आमचे नियम थोडे आहेत. जिथे शनिवार-रविवारी मांडव, गाणी आणि फोटो काढणाऱ्यांची रांग असते, तिथे जायचे नाही. दार उघडायला मालक स्वतः येईल, अशाच ठिकाणी जायचे. अत्तर लावायचे नाही. पत्नीला पहिल्या खेपेस मोगऱ्याचा गजरा गाडीत ठेवावा लागला, तो राग तिने डॉक्टरांवर अजून धरलेला आहे. आणि आधी मिसळ खायची नाही. नाशिकची मिसळ खाऊन गेलेल्या जिभेपुढे फ्रान्सचा राजा जरी बाटली घेऊन उभा राहिला, तरी उपयोग नाही.

चाखणे हा प्रकार वाटतो तितका खानदानी नाही. पेला उजेडात धरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचे, मग घोटभर तोंडात घोळवायची. आणि ती थुंकायची, हे आम्हाला शिकायला वर्ष लागले. पैसे दिलेली वस्तू थुंकणे मराठी मध्यमवर्गीयाच्या रक्तातच नाही. कोणाला काय वास येतो, यावरून भांडणे होतात. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये कंत्राटदारांना पेरू येतो, पत्नीला हिरवी मिरची. शिराझमध्ये मला मिरी लागली, तेव्हा सगळे हसले. पण प्राध्यापिकाबाईंनी माझी बाजू घेतली. काळ्या मिरीला जो वास देतो तो रोटंडोन नावाचा पदार्थ शिराझच्या द्राक्षातही असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाचे नाक शास्त्राने खरे ठरवावे, याचा आनंद काही वेगळाच!

यंदा फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही दिंडोरीच्या बाजूला एका वाइनरीत गेलो. नाव सांगत नाही. मालकाला गर्दी नको आहे. पन्नाशीचा शेतकरी, पायात चपला, हातात गोडी मोजायची छोटी दुर्बीण. एक मणी तिच्या काचेवर पिळायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. बावीस-चोवीसच्या दरम्यान गेला, की तोडणी. तीही पहाटे, कारण उन्हात तापलेला माल टाकीत गेला तर वास उडतो.

बागेत त्याने आम्हाला घड हातात दिले. खाण्याच्या द्राक्षाची सारी खटपट मणी मोठा, साल पातळ आणि बी नसावी यासाठी असते. वाइनचे द्राक्ष नेमके उलटे: लहान मणी, जाड साल, आत बिया. तांबड्या वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीत असतो, म्हणून रस सालीसकट आंबवतात. पांढरीसाठी आधी पिळून साल बाजूला काढतात. “वडील म्हणायचे, पाव्हण्यापुढं ठेवता येत नाही असलं द्राक्ष कशाला लावतो?” मालक म्हणाला.

युरोपातला वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपतो. आमच्या वेलाला झोप नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि दोन छाटण्यांवर एकच पीक. पावसाने पाठ धरली की केवडा, थंडी-धुक्यात भुरी. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि हिवाळ्यातल्या थंड रात्री, एवढ्या भांडवलावर नाशिकने हा उद्योग उभा केला.

बाग बघून आम्ही आत गेलो. पोलादाच्या सहा टाक्या, गारव्यासाठी त्यांच्याभोवती थंड पाणी फिरवणारी आवरणे, ओल्या फरशीवर यीस्टचा वास. डाव्या कोपऱ्यातल्या टाकीच्या मागे मी सहज डोकावलो. भिंतीकडच्या अंगाला निळ्या रंगात पुसट अक्षरे होती. आमच्या बँकेचे नाव, शाखेचे नाव, आणि खाली ‘यांजकडे नजरगहाण’.

ती शाखा निफाड तालुक्यातली. मी तिथे व्यवस्थापक होतो.

इथे थोडे मागे जावे लागेल. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले. विंचूरला वाइन पार्क झाला. त्याआधी नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फसफसती वाइन करून परदेशी पाठवली होती, आणि २००० साली सुलाच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या होत्या. मग जिकडेतिकडे वाइनऱ्यांचे पेव फुटले. माझ्या टेबलावर प्रकल्प अहवाल येऊ लागले. त्यांतले आकडे इतके सारखे असत, की एकाच झेरॉक्सवर नावे बदलली आहेत असे वाटावे. वरून उद्दिष्टे येत होती. कागद पुरे होते, खरेदीदार कंपनीचे पत्र होते. २००६ मध्ये मी त्या एका शेतकऱ्याच्या प्रस्तावावर शिफारस लिहिली आणि कर्ज मंजूर झाले.

तो माळकरी होता. पंढरीचा वारकरी. त्याने वाइनचा थेंब कधी चाखलेला नव्हता. आणि खरे सांगायचे तर मीही नव्हता. दोन न पिणाऱ्या माणसांनी समोरासमोर बसून, ही वाइन विकली जाईल, असे कागदावर ठरवले.

२००८ च्या उत्तरार्धात जगभर मंदी आली आणि नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हॉटेले ओस पडली. बड्या खरेदीदाराने पैसे थकवले. टाकीतली वाइन थंड ठेवायला वीज लागते, विजेला पैसा लागतो, पैसा वाइनमध्ये अडकलेला. नव्वद दिवस हप्ता चुकला, की खाते बुडीत कर्जांच्या यादीत जाते. त्यात हवामान, हल्ला असले रकाने नसतात. २००९ मध्ये माझी बदली झाली. जप्तीची नोटीस माझ्यानंतर आलेल्याने काढली, लिलावही त्यानेच केला. मी मनाशी म्हणत राहिलो, की सही माझी नव्हती. शेतजमिनीला त्या कायद्याने हात लावता येत नाही, म्हणून जमीन वाचली. त्याने वाइनचे वेल उपटले आणि पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली, एवढे कानावर आले होते.

“ही टाकी कुठली?” मी मालकाला विचारले.

“लिलावातली, साहेब. एका भंगारवाल्यानं घेतली होती, त्याच्याकडनं आणली. बँकेची नजर लागू नये म्हणून भिंतीकडं तोंड करून ठेवलीय.”

सगळे हसले. मी त्याला कोण ते सांगितले. तो क्षणभर थांबला, मग टाकीच्या नळाखाली पेला धरला. जानेवारीत तोडलेली शेनिन ब्लाँ, अजून न गाळलेली, ताकासारखी गढूळ. डॉक्टर म्हणाले, अननस. पत्नी म्हणाली, पिकलेला पेरू. मी नेहमीप्रमाणे थुंकलो नाही, प्यायलो.

२०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही. दोन्ही बाजू टीव्हीवर तावातावाने बोलत होत्या, आणि त्यांतल्या कितीजणांनी चाखली असेल, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता. असो.

पुढच्या मंगळवारी मी एकटाच निफाडच्या बाजूला गेलो. घर तेच होते, ओट्यावर शहाबादी फरशी नवी. त्यांनी मला ओळखले. केस पांढरे, माळ तशीच. “साहेब, आता बदली कुठं?” म्हणाले. मी रिटायर झालो म्हटल्यावर, “बरं झालं,” म्हणाले. त्यात टोमणा होता की नाही, मला कळले नाही. सुनेने चहा आणला. मुलगा द्राक्षे युरोपला पाठवतो, कर्ज तडजोडीत मिटवायला सात वर्षे लागली, दोन एकर त्यात गेले. हे सगळे त्यांनी पाऊसपाणी सांगावे तसे सांगितले. मी काही तरी बोलायला सुरुवात केली, तर हाताने थांबवले.

मग टाकी दिंडोरीकडे आहे, हे मी सांगितले. त्यांना ठाऊक होते.

“तुम्ही चाखली तिच्यातली?”

“चाखली.”

“कशी लागते हो?”

मी सांगितले. अननसासारखा वास, जराशी आंबट, शेवटी किंचित मधासारखी. त्यांनी लक्ष देऊन ऐकले, मान हलवली, आणि तोडणीचे मजूर आले होते म्हणून उठले.